लेखणीची मजुरी आणि लेखकाचे नाव

लेखन विकावे की विकू नये, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. विद्येचा विक्रय हे हीनपणाचे लक्षण, अशी समजूत आपल्या समाजात शतकानुशतके नांदत आली. आणि त्याच शतकांत पोथ्या नकलणारे, लावण्या रचणारे, दरबारच्या बातम्या लिहून पाठविणारे असे कितीतरी लोक लेखणीवर पोट भरीत आले. आज तोच प्रश्न नव्या रूपाने पुढे उभा आहे. संगणकाच्या पडद्यावर लेखांचा बाजार भरतो. विकणारा मानेसरसारख्या गावी बसलेला असतो, विकत घेणारा कॅनडात किंवा इंग्लंडात असतो; दोघांची गाठ कधीच पडत नाही, आणि सौदा शब्दांच्या संख्येवर ठरतो. हा बाजार पाहून हळहळणारे आहेत, तसे हुरळणारेही आहेत. आम्हांस वाटते की, त्याचा न्याय करावयाचा तर आधी त्याची वंशावळ पाहिली पाहिजे. आणि ती पाहताना तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: लिहिण्याचे श्रम, लिहिलेल्यावरचा हक्क आणि लिहिणाऱ्याचे नाव.

'ग्रंथ' या शब्दाचा अर्थ आज आपण मोठे पुस्तक असा करतो. हस्तलिखितांच्या काळी त्यास दुसरा एक व्यवहारी अर्थ होता. बत्तीस अक्षरे म्हणजे एक ग्रंथ. अनुष्टुभ् श्लोकात चार चरण व प्रत्येक चरणात आठ अक्षरे, यावरून हे माप निघाले, आणि गद्यालाही तेच लावीत. पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या घालण्याची जी चाल होती, तिचा एक उपयोग मजकूर गळाला किंवा वाढला तर ते कळावे हा, आणि दुसरा उपयोग नकलणाराची मजुरी ठरविता यावी हा. म्हणजे शब्द मोजून पैसे देण्याची रीत अमेरिकेहून आलेली नसून ती आपल्याच मठमंदिरांच्या भांडारांत होती. मात्र तेथे मोजली जात होती ती नक्कल. नकलणारा मजकुराचा कर्ता नव्हता आणि तसा दावाही करीत नव्हता. तरीही पोथीच्या शेवटी तो पुष्कळदा आपले नाव, गाव, शक व तिथी लिही, आणि वाकून लिहिल्याने पाठ-मान कशी दुखावली तेही सांगे. मूळ कर्त्याचे नाव आधी आणि श्रम करणाऱ्याचे नाव शेवटी, अशी दोन्ही नावे एकाच पोथीत सुखाने राहत.

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरीतही हाच न्याय दिसतो. होनाजी शिलारखाने यांनी लावण्या रचाव्या आणि बाळा कारंजकर यांनी त्या गाव्या, अशी जोडी होती. लोकांनी दोघांची नावे जोडून 'होनाजी बाळा' असे एकच नाव केले, ते आजही चालू आहे. शाहिराला बिदागी मिळे, आश्रयदात्याची मर्जी सांभाळावी लागे, हे सारे खरे. परंतु ज्याने शब्द दिले त्याचे नाव पुसून टाकावे, अशी अट त्या बिदागीत नव्हती.

दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाने आणखी एका लेखकवर्गाची आठवण ठेवावयास हवी. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे दिल्लीस होते. बापूजी महादेव, दामोदर महादेव, पुरुषोत्तम महादेव यांची पत्रे पुण्यास जात, आणि त्यांत बादशहाच्या दरबारी कोण चढला, कोण पडला, कोणाची फौज कोठे उतरली, याचा तपशील असे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या नावाने अशी पत्रे छापली, त्यामुळे ती आपणास सहज वाचावयास मिळतात. वकिलांच्या जोडीला अखबारनवीसांचाही धंदा होता. निरनिराळ्या दरबारांसाठी बातमीपत्रे लिहिणारी ही मंडळी पगारी होती. त्यांचे लेखन एका धन्यासाठी असे, लोकांसाठी नसे. पुष्कळांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. इतिहासकार मात्र त्यांच्याच मजकुरावर विसंबून राहतात. निनावी, मागणीबरहुकूम आणि मोबदला घेऊन लिहिलेला मजकूर निकस असलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे. अखबारनवीसाच्या लेखनाची किंमत खरेपणावर ठरे, कारण खोट्या बातमीवर विसंबणाऱ्या धन्याची फौज बुडत असे.

छापखाना आला आणि लेखनास वाचकांचा बाजार मिळाला. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० मध्ये बंद झाले. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ते छापले जाई, तरी वर्गणीदारांच्या बळावर ते फार दिवस तग धरू शकले नाही. लेखकास द्रव्य मिळण्याचा पहिला मोठा मार्ग बाजारातून आला नाही, तो जुन्या दानातून निघाला. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. कंपनी सरकारनेही ती काही प्रमाणात चालू ठेवली होती. १८४९ साली लोकहितवादी व त्यांच्या विचाराच्या तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. पुण्यातील शास्त्रीमंडळींनी यास मोठा विरोध केला. तरी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जन्मामुळे किंवा पाठांतरामुळे मिळणारे धन यापुढे लिहिलेल्या पुस्तकाबद्दल मिळू लागले. मराठी लेखकाच्या आर्थिक इतिहासातील ही मोठी घटना होय.

इंग्लंडात हा प्रवास याच्या आधीच झाला होता. तेथे १७१० च्या कायद्याने ग्रंथकर्त्याचा हक्क प्रथम मान्य झाला. परंतु हक्क मान्य झाला म्हणून लेखकाची गरिबी संपली नाही. सॅम्युएल जॉन्सन १७४० नंतरच्या काही वर्षांत 'जेंटलमन्स मॅगझिन'साठी पार्लमेंटातील भाषणे लिहून देत असे. वृत्तांत छापण्यास बंदी असल्याने ती भाषणे पुष्कळशी त्याने आपल्या खोलीत बसूनच रचली, आणि त्यांवर त्याचे नाव नव्हते. पुढे १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांनी कोश रचण्यासाठी त्याच्याशी १,५७५ पौंडांचा करार केला. त्यातूनच साहाय्यकांचा खर्च भागवावयाचा होता. कोश १७५५ मध्ये बाहेर पडला, आणि जॉन्सनचे नाव झाले ते या कोशाने. दोन्ही कामे पैशासाठीच केलेली; एक नावाविना गेले, दुसऱ्याने नाव दिले.

मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' एकहाती चालविली, १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि शाळा, छापखाना, पुस्तकांचे दुकान असे उद्योग उभे केले. लिहिणाराने छपाईचे व विक्रीचे साधनही हाती घेतले पाहिजे, हा त्यातील धडा होता. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी भागभांडवलाची कंपनीच काढली आणि १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड बाहेर काढले. ठरलेल्या विषयांवर, ठरलेल्या मुदतीत, अनेक हातांनी लेख तयार करण्याचा एवढा मोठा मराठी प्रयोग त्यापूर्वी झाला नव्हता.

हिंदी प्रांतातील एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे, कारण एकाच लेखनाचे दोन बाजारांत दोन भाव कसे होतात, हे त्यात स्पष्ट दिसते. प्रेमचंदांनी 'बाजारे-हुस्न' ही कादंबरी आधी उर्दूत लिहिली. उर्दूत प्रकाशक लवकर मिळेना. तीच कादंबरी 'सेवासदन' या नावाने हिंदीत कलकत्त्याच्या प्रकाशकाने काढली आणि ४५० रुपये दिले. उर्दू आवृत्ती कित्येक वर्षांनी, १९२४ साली लाहोरास निघाली; तिचे मिळाले २५० रुपये. श्रम तेच, कथा तीच, लेखक तोच. भाव मात्र भाषेने ठरविला. प्रेमचंद हळूहळू हिंदीकडे वळले त्याची कारणे अनेक आहेत, पण हे एक कारण त्यांत नव्हते असे म्हणवत नाही. १९३४ मध्ये वर्षास आठ हजार रुपयांच्या कराराने ते मुंबईच्या एका चित्रपट कंपनीत गेले आणि पुढच्याच वर्षी परत आले. मानेसरात बसून इंग्रजीत लेख विकणाऱ्या मराठी लेखकाचे गणित याहून निराळे नाही. मराठी लेखास जो भाव मिळेल त्याच्या कितीतरी पट इंग्रजी लेखास मिळतो. तेव्हा तो कोणत्या भाषेत लिहील, हे उघड आहे.

आता कारखान्यांकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे नांगर तयार होऊ लागले. या मालाची व कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी म्हणून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. आज ज्यास 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात, म्हणजे मालाची थेट जाहिरात न करता वाचनीय मजकूर देऊन गिऱ्हाइकाशी नाते जोडणे, तो प्रकार शंभर वर्षांपूर्वी एका मराठी औद्योगिक गावात झालेला होता. परंतु पुढे जे घडले ते विशेष आहे. १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे नाव राहिले. १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगराची माहिती देण्यास निघालेल्या पत्राने सामाजिक सुधारणेचे, विज्ञाननिष्ठेचे, कथा-कादंबरीचे व्यासपीठ उभे केले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तेथेच वाचकांपुढे आले. हे झाले याचे कारण एवढेच की, तेथे संपादक होता, वाचक कोण हे ठाऊक होते, आणि लेखाखाली लेखकाचे नाव होते. कारखानदाराच्या पैशाने चाललेले लेखन आपोआप बाटत नाही, हे किर्लोस्करवाडीने दाखवून दिले.

मानेसर हेही एक औद्योगिक गाव. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी हरियाणा सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाने ही वसाहत वसविली. २००७ मध्ये मारुतीचा मोटारींचा कारखाना तेथे सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग करणाऱ्यांची दाटी झाली. पुण्याच्या पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्या मराठी माणसास हे दृश्य परके वाटत नाही. परंतु मानेसरचे नाव देशभर झाले ते मोटारींमुळे जितके, तितकेच तेथील कामगारांच्या लढ्यामुळे. २०११ च्या जूनमध्ये तेरा दिवसांचा संप झाला. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, कारखाना महिनाभर बंद राहिला आणि पाचशेहून अधिक कायम कामगार बडतर्फ झाले. या संघर्षाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांत एक प्रश्न हा होता की, एकाच साखळीवर, एकच काम करणाऱ्या कायम व कंत्राटी कामगारांच्या वेतनात एवढे अंतर का असावे. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. तो प्रश्न विचारता आला, कारण ते कामगार एका छपराखाली होते, एकमेकांस ओळखत होते, आणि त्यांना संघ स्थापन करण्याचा हक्क मागता येत होता.

त्याच गावी घरात बसून लेख विकणाराजवळ यांपैकी काहीच नाही. त्याचा बाजार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये 'इलान्स' ही वेबसाइट निघाली, पुढे 'ओडेस्क'. दोन्ही एक झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांस 'अपवर्क' हे नाव मिळाले. अशा ठिकाणी गिऱ्हाईक काम जाहीर करते आणि लेखक बोली लावतात. दुसऱ्या प्रकारच्या बाजारात लेखक आधी लेख लिहून, भाव लावून मांडून ठेवतो आणि गिऱ्हाईक दुकानातील मालाप्रमाणे तो उचलते. विषय, शब्दसंख्या, शोधयंत्रांस सापडावेत म्हणून घालावयाचे ठराविक शब्द आणि मुदत, एवढे सांगितलेले असते. लेख आला की यंत्राने तो कोठून उचललेला नाही ना, हे तपासले जाते. मग स्वीकार, दुरुस्तीची मागणी किंवा नकार. बाजार चालविणारी कंपनी मधल्यामध्ये आपली दलाली कापून घेते. अपवर्कने २०१६ पासून एका गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या पहिल्या पाचशे डॉलरांवर वीस टक्के, पुढे दहा व फार मोठ्या रकमेवर पाच टक्के अशी दलाली ठेवली होती. म्हणजे नवख्याचा हिस्सा सर्वांत अधिक कापला जाई. २०२३ मध्ये ती सरसकट दहा टक्के झाली.

अशा दुकानांत हक्कांचेही प्रकार असतात. एक, केवळ वापराचा हक्क. लेख लेखकाच्या नावाने छापावयाचा आणि लेखकाने तो इतरांसही विकावयाचा. दुसरा, एकाच गिऱ्हाइकास विकावयाचा, पण नाव लेखकाचेच ठेवावयाचे. तिसरा, सर्व हक्क. गिऱ्हाइकाने लेखात हवा तो बदल करावा, आपले नाव घालावे, लेखकाने पुन्हा त्याकडे पाहू नये. भाव अर्थातच तिसऱ्या प्रकारास सर्वांत अधिक. पोथी नकलणाऱ्याची मजुरी अक्षरांवर होती. येथे मजुरीच्या वरचा जो पैसा मिळतो, तो नाव सोडल्याचा असतो. या संपूर्ण इतिहासात नाव सोडण्यास स्वतंत्र भाव इतक्या उघडपणे लागलेला आम्हांस दुसरीकडे दिसत नाही.

हा बाजार स्थिरही नाही. २००५ च्या सुमारास अमेरिकेत लेखांचे मोठे कारखाने निघाले. 'असोसिएटेड कंटेंट' ही कंपनी २०१० मध्ये 'याहू'ने विकत घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये 'गूगल'ने शोधाच्या क्रमवारीचे नियम बदलले व निकस मजकूर मागे ढकलला. त्याने या कारखान्यांचे कंबरडे मोडले. याहूने तो विभाग २०१४ मध्ये बंद केला आणि हजारो लेखकांचे लेख त्या पानांवरून नाहीसे झाले. पोथी शेकडो वर्षे टिकली. हे लेख दहा वर्षेही टिकले नाहीत. पुढे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅट-जीपीटी' लोकांपुढे आले. ठराविक विषयावर ठराविक शब्दांत लेख लिहून देणारे यंत्रच हाती आल्यावर त्या जातीच्या लेखाची मागणी ओसरणे क्रमप्राप्त होते. ही यंत्रे इंटरनेटवरील अफाट मजकुरावर शिकली आहेत, आणि त्या मजकुरात नाव सोडून विकलेल्या लेखांचाही वाटा असणारच. ज्याने लेख नावासह विकला, त्यास निदान तक्रार करण्यास जागा आहे.

कायदा काय सांगतो, तेही पाहू. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे नोकरीत लिहिलेल्याचा पहिला मालक सामान्यतः मालकवर्ग असतो. पण स्वतंत्रपणे लिहिणारा हा आपल्या लेखाचा पहिला मालक स्वतः असतो. हक्क द्यावयाचे तर ते लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच समजले जातात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. आणि कलम ५७ प्रमाणे लेखनाचा कर्ता आपण आहोत असे सांगण्याचा हक्क, हक्क विकल्यानंतरही कर्त्याकडे राहतो. परदेशी कंपनीच्या अटींस पडद्यावर एका बोटाने संमती देणाऱ्या लेखकास हे संरक्षण व्यवहारात कितपत लाभते, हा प्रश्न वेगळा. पण अटी न वाचता संमती देणाऱ्यास ते मुळीच लाभणार नाही.

श्रमाच्या बाजूनेही थोडी हालचाल झाली आहे. १९५५ च्या कायद्याने नोकरीतील पत्रकारांस संरक्षण दिले होते. कोणाच्याच नोकरीत नसलेला लेखक त्याच्या बाहेर राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा मंचांवर काम करणारांची व्याख्या प्रथमच केली. ज्या धंद्यांतील मंचचालक कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षानिधीस द्यावी असे तीत म्हटले आहे, त्यांच्या यादीत मोटारी व जेवण पोहोचविणारांबरोबर मजकूर व माध्यमसेवा यांचाही उल्लेख आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. घरबसल्या लेख विकणारा आणि मोटारसायकलीवरून जेवण नेणारा एकाच अनुसूचीत बसले, याने कोणी खंत करू नये. पोथी नकलणाराही मजूरच होता, आणि त्यास त्याची लाज नव्हती.

हा सारा इतिहास पाहिल्यावर लेख विकणे यात आम्हांस काहीही गैर दिसत नाही. ज्यास घरभाडे द्यावयाचे आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्या स्त्रीस मुलांमुळे बाहेरची नोकरी शक्य नाही, त्यांनी हा मार्ग अवश्य धरावा. फक्त आपण काय विकीत आहोत, याचा हिशेब ठेवावा. श्रम विकावेत, हक्क विकताना मुदत व प्रदेश पाहावा, नाव विकण्यापूर्वी दोनदा विचार करावा आणि निदान काही लेखन असे राखावे की ज्याखाली आपले नाव आहे, मग ते इंग्रजीत असो वा मराठीत.

आणि दुसऱ्या बाजूने आमच्यासारख्यांनीही स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. बृहन्महाराष्ट्रातील बहुतेक मराठी नियतकालिके लेखकाचे नाव आदराने छापतात, पण मोबदल्याच्या जागी आभार देतात. परदेशी बाजार पैसे देतो व नाव घेतो. आपण नाव देतो व पैसे विसरतो. या दोहोंमध्ये मराठी लेखक उभा आहे. १८४९ मध्ये दक्षिणेच्या पैशातून लेखकाचा वाटा मागणाऱ्या तरुणांना जे सुचले, ते आज आपल्या मंडळांना, सभागृहांना व उत्सवांच्या वर्गणीला सुचावयास हरकत नाही. गणेशोत्सवाच्या मांडवाचा खर्च जे मंडळ हौसेने करते, त्याने वर्षातून चार लेखांचे मानधन बाजूस काढावे, एवढीच आमची सूचना आहे. रक्कम लहान असेल. पण तिच्याबरोबर लेखकाचे नावही जाईल.